पावसाळ्यानंतरची तपकिरी गर्दी

गणपती उठले, गवताला तुरे आले, की पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांत प्रश्नचिन्हं वाढायला लागतात. आपल्याकडच्या माळावरच्या, शेताकाठच्या कितीतरी पक्ष्यांची वीण पावसात होते. मुनिया, सुगरण, वटवटे यांची पिल्लं भाद्रपदाच्या आगेमागे घरट्याबाहेर पडतात आणि दिवाळीपर्यंत थव्यांतून हिंडू लागतात. पुस्तकात काळ्या डोक्याची, खवलेदार छातीची, लाल बुडाची अशी सगळी मंडळी ओळखीची वाटतात. प्रत्यक्षात मात्र कुंपणाच्या तारेवर ओळीने बसलेले सगळे तपकिरीच असतात.

यात पुस्तकांचाही थोडा दोष आहे. डॉ. सालिम अली यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ 1941 मध्ये आलं. तेव्हापासून आजवरच्या बहुतेक पुस्तकांत चित्राची मोठी जागा प्रौढ नराला, उरलेली मादीला आणि पिल्लाला एखादी ओळ असंच चालत आलं आहे. पानावर जागा कमी असते, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे आपली नजर रंगावर पोसली गेली आणि रंगच नसलेल्या पक्ष्यापुढे ती अडते. मग आपण ठोकताळे वापरतो. त्यातले बरेचसे अर्धवट खरे असतात, आणि अर्धवट खरे असल्यामुळेच ते वर्षानुवर्षं टिकून आहेत.

गैरसमज : पिल्लू म्हणजे आकाराने लहान पक्षी.

‘दोन मोठे होते आणि एक छोटं, म्हणजे ते पिल्लू’ हे वाक्य प्रत्येक निसर्गफेरीत एकदा तरी ऐकू येतं. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं घरटं सोडतात तेव्हा त्यांचं वजन आईबापांच्या जवळपास पोहोचलेलं असतं. अपुरी असते ती शेपटी, आणि पंखही थोडेसे. आखूड शेपटीमुळे पक्षी लहान दिसतो, इतकंच. अंगाने तो बऱ्याचदा गुबगुबीतच असतो, कारण पिसं विरळ आणि फुललेली असतात. घरट्यात पंधरा-वीस दिवसांत सगळी पिसं एकदम उगवायची असल्यामुळे त्यांची वीण सैल राहते. बुडाकडची आणि मानेवरची पिसं तर दुर्बिणीतून कापूस पिंजल्यासारखी दिसतात. तेव्हा व्यवस्थित शेपटीचा, गुळगुळीत पिसांचा एखादा चिमुकला पक्षी दिसला, तर तो कुणाचं पिल्लू नसून मुळात लहान जातीचा प्रौढ असण्याची शक्यता जास्त.

चोचीच्या जिवणीजवळची पिवळी कड ही खरी खूण आहे. ती दिसली तर पिल्लू समजायला हरकत नाही. पण ती काही आठवड्यांत विरते, म्हणून नसली तर पक्षी प्रौढ, असं उलट म्हणता येत नाही.

गैरसमज : सगळ्या तपकिरी मुनिया ठिपकेवाल्याच.

हा गैरसमज आकडेवारीच्या जोरावर जगतो. आपल्याकडे ठिपकेवाली मुनिया खरंच सगळीकडे आहे, त्यामुळे दहा वेळा असं म्हटलं तर बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. उरलेल्या वेळा चुकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ठिपकेवालीच्या पिल्लाला ठिपके नसतात. पाठ सरळ तपकिरी, पोट फिकट बदामी आणि चोच काळपट. तिरंगी मुनियेचं पिल्लूही पाठीवर तपकिरी, पोटाला फिकट बदामी. काळं डोकं, पांढऱ्या कुशी, तांबूस पाठ यांतलं अजून काहीही नाही. दोन्ही पिल्लं एकाच गवतावर, कधी कधी एकाच थव्यात. मग करायचं काय?

आधी चोच बघायची. तिरंगीची चोच मुळापाशी उंच, जाड, आणि रंगाने निळसर करडी असते. ठिपकेवालीची त्या मानाने बारीक आणि जास्त काळपट. सकाळच्या तिरप्या उन्हात, पक्षी आडवा बसलेला असेल तर हा फरक दिसतो. पाठीमागून ऊन असेल तर नाद सोडावा. त्यानंतर जागा. तिरंगीला पाणथळ आवडतं : तळ्याकाठचं उंच गवत, पाणकणीस, भाताची खाचरं. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी समोर तपकिरी मुनिया आली की दोन्ही शक्यता मनात ठेवायला हव्यात. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या बागेत, घाणेरीच्या झुडपात दिसली तर ठिपकेवालीच्या बाजूने झुकायला हरकत नाही. पण जागा हा पुरावा नव्हे, नुसता कल आहे.

सगळ्यात उपयोगी पडते ती वाट बघण्याची तयारी. पिल्लं प्रौढ पिसं धरू लागतात तेव्हा ती ठिगळाठिगळांनी येतात. ठिपकेवालीच्या छातीवर आणि कुशीवर चार-दोन खवले इकडे-तिकडे उमटतात. तिरंगीच्या गळ्यावर, डोक्यावर काळे डाग पडल्यासारखे दिसतात. त्याच गवतावर काही आठवड्यांनी पुन्हा गेलं, तर थव्यातली निम्मी कोडी आपोआप सुटलेली असतात.

बाकीच्या मुनिया त्या मानाने सोप्या. पांढऱ्या कंठाच्या मुनियेचं पिल्लू जवळजवळ मोठ्यांसारखंच असतं, फक्त शेपटी जरा आखूड. काळी शेपटी आणि तिच्या मुळाशी पांढरा पट्टा उडताना दिसला की विषय संपला. लाल मुनियेच्या पिल्लाला लालाचा टिपूस नसतो, पण पंखावर दोन बदामी पट्ट्या असतात. आपल्या दुसऱ्या कुठल्याही मुनियेच्या पिल्लाला त्या नाहीत. कोकणात आणि घाटात पांढऱ्या पाठीची मुनिया लक्षात ठेवावी. तिच्या पिल्लाचाही शेपटीवरचा भाग फिकटच असतो आणि बाकी अंग ठिपकेवालीपेक्षा गडद.

गैरसमज : ज्याचं घरटं, त्याचं पिल्लू.

बाभळीला लोंबणारं सुगरणीचं घरटं, त्यातून डोकावणारं पिल्लू. फोटोखाली ‘सुगरणीचं पिल्लू’ असं लिहून मंडळी मोकळी होतात. पण सुगरणींनी सोडलेली घरटी पांढऱ्या कंठाच्या मुनिया सर्रास वापरतात, रात्रीच्या मुक्कामाला आणि अंडी घालायलाही. म्हणून घरट्याकडे न बघता पिल्लाची पाठ बघायची. सुगरणीच्या पिल्लाच्या पाठीवर ठळक रेघा असतात, भुवई रुंद बदामी असते आणि चोच चांगली जाडजूड, फिकट. मुनियेच्या पाठीवर रेघ नाही.

पानं शिवलेलं घरटं म्हटलं की शिंपी, हे तर शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेलं. पण राखी वटवट्याही पानं शिवतो. त्याचं काम शिंप्याइतकं नावाजलेलं नाही, पण जाईच्या वेलात किंवा वांग्याच्या वाफ्यात शिवलेलं घरटं त्याचंही असू शकतं. दोघांची नुकती बाहेर पडलेली पिल्लं बुडाला शेपटीचा खुंट घेऊन फांदीवर एकमेकांना चिकटून बसतात. शिंप्याच्या पिल्लाच्या डोक्यावर तांबूस टोपी नसते, पण पाठ हिरवट असते. राखी वटवट्याचं पिल्लू अजून राखी झालेलं नसतं. ते वरून तपकिरी आणि खालून पिवळसर असतं. शेपटी वाढायला लागली की वटवट्याच्या पिसांच्या टोकाशी काळा ठिपका आणि पांढरट कड दिसते. शिंप्याला तसलं काही नाही. आणि खरं सांगायचं तर पिल्लांपेक्षा आईबापांकडे कान द्यावा. आपण जवळ गेलो की शिंपी ‘टुविट्-टुविट्’ करून सगळी बाग डोक्यावर घेतो, तर राखी वटवट्या उडताना कट्-कट् असा कोरडा आवाज करतो.

आता हे आईबापांचं सांगताना एक पाचर मारून ठेवली पाहिजे. भरवणारा पक्षी म्हणजे आईबाप, हेही दर वेळी खरं नाही. कावळ्यामागे चोच वासून फिरणारी कोकिळेची पिल्लं सगळ्यांना माहीत आहेत. सातभाईंच्या टोळीत एखादं लांब शेपटीचं, छातीवर गडद थेंब असलेलं, न थांबता ओरडणारं पिल्लू असेल तर ते पावशाचं. चातकही सातभाईंनाच गाठतो. कारुण्य कोकिळा आपली अंडी वटवट्या आणि शिंप्याच्या घरट्यात टाकते. पसाभर आकाराचा वटवट्या आपल्यापेक्षा मोठ्या पिल्लाच्या चोचीत अळी कोंबताना दिसतो तो यामुळे. यातला कुठलाही पाहुणा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला नाही. तरी पालकावरून पिल्लू ओळखायची सवय असलेल्याला तो हमखास चकवतो.

गैरसमज : छातीवर ठिपके म्हणजे कस्तूर.

हा विषय मला सगळ्यात गोड वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो. दयाळ, चिरक, गप्पीदास, निळा माशीमार, शीळकरी कस्तूर यांची प्रौढ रूपं शेजारी ठेवली तर कुणी म्हणणार नाही की हे एका कुळातले. कुणी काळा-पांढरा, कुणी निळा-केशरी, कुणी नखशिखांत काळा. पण पक्षिशास्त्र त्यांना आज माशीमारांच्या एकाच कुळात ठेवतं. पिल्लांकडे बघितलं तर ते लगेच पटतं. या कुळातली बहुतेक पिल्लं ठिपकेदार किंवा खवलेदार असतात. आणि गंमत म्हणजे शीळकरी कस्तूर नावाने कस्तूर असूनही तेवढाच एक या ठिपक्यांच्या नियमात नीट बसत नाही. त्याचं पिल्लू मळकट तपकिरी-काळं असतं, कपाळावरची निळी झाक तेवढी नसते.

म्हणून सप्टेंबरमध्ये बागेत छातीवर बदामी-तपकिरी खवले असलेला, जमिनीवर टुणटुण उडणारा पक्षी दिसला की ‘कुठला तरी कस्तूर’ असं लिहिण्याआधी त्याचा पंख बघावा. पंखावर लांब पांढरी पट्टी आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या असतील, तर ते दयाळाचं पिल्लू. तिथे अजिबात पांढरं नसेल, अंग काळसर तपकिरी असेल, शेपटी सारखी वर उभी राहत असेल आणि ती उभी राहिली की खाली विटकरी रंग दिसत असेल, तर चिरक. चिरकाच्या पिल्लाचे ठिपके मुख्यतः गळ्यापाशी, तेही अस्पष्ट.

गप्पीदासाचं पिल्लू जमिनीवर फार वेळ काढत नाही. काटकीच्या किंवा धाटाच्या अगदी टोकावर बसायचं, खाली उतरून किडा उचलायचा, पुन्हा टोकावर. शेपटी आखूड आणि तिच्या वरचा भाग तांबूस. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा सासवडच्या माळावर चिरक आणि गप्पीदास दोघांची पिल्लं एका दगडाच्या अंतरावर दिसतात. अशा वेळी रंगाची तुलना करत बसण्यापेक्षा कोण कुठे बसतं ते पाहिलं तर उत्तर लवकर मिळतं.

टिकेलच्या निळ्या माशीमाराचं पिल्लू मात्र स्वतःच आपलं ओळखपत्र घेऊन येतं. डोकं, पाठ, छाती तपकिरी आणि बदामी ठिपक्यांनी भरलेली, पण पंख आणि शेपटी निळी. कर्नाळ्यासारख्या गर्द झाडीत ते ओढ्याकाठच्या खालच्या फांद्यांवर बसलेलं दिसतं. पाठ फिरवून बसलं तर फार सुंदर, आणि समोर तोंड करून बसलं तर पुन्हा ‘कुठला तरी कस्तूर’.

गैरसमज : रंग फसवतो, चोच कधीच फसवत नाही.

वर मुनियांच्या बाबतीत मीच चोचीची तरफदारी केली आहे, त्यामुळे तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जाडी विश्वासार्ह आहे, लांबी नाही. शिंजीर हे त्याचं उत्तम उदाहरण. लोटेनचा शिंजीर ओळखायचा तो लांब, कोयत्यासारख्या वाकलेल्या चोचीवरून. पण घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची चोच पूर्ण वाढलेलीच नसते. लोटेनचं आखूड चोचीचं पिल्लू साध्या जांभळ्या शिंजिराच्या नावावर सहज खपून जातं. इथे जिवणीची पिवळी कड दिसली तर चोचीच्या लांबीचा पुरावा बाजूला ठेवायचा आणि भरवायला कोण येतं ते पाहायचं.

जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर यांच्या पिल्लांत गळा उपयोगी पडतो. पहिल्याचं पिल्लू हनुवटीपासून खाली एकसारखं पिवळट. दुसऱ्याचा गळा करडा-पांढुरका, पिवळा रंग छातीवर सुरू होतो आणि पोटाच्या खालच्या बाजूला पुन्हा पांढुरका होतो.

राहिला तो गळ्यावर मधोमध काळी रेघ असलेला पिवळा शिंजीर, ज्याला सगळे बिनदिक्कत ‘तरुण नर’ म्हणतात. जांभळ्या शिंजिराचा प्रौढ नरही वीण संपल्यावर असाच दिसतो. खांद्यावर चमकदार निळी-जांभळी पिसं आणि काळसर पंख असतील तर तो प्रौढ. सगळा पंख मळकट तपकिरी असेल तर पहिल्या वर्षाचा नर असण्याची शक्यता बरी. दूर आंब्याच्या शेंड्यावर असेल तर ‘शिंजीर, नर’ एवढं पुरे.

गैरसमज : फिका पक्षी म्हणजे मादी.

थंडीत लाल छातीचा माशीमार बागेत येतो आणि आपण दर वर्षी तक्रार करतो की सगळ्या माद्याच आल्या. पहिल्या हिवाळ्यात नराच्या गळ्यावर केशरी रंग नसतोच, तो मादीसारखाच दिसतो. पंखावर फिकट बदामी टोकं दिसली तर एवढंच सांगता येतं की पक्षी यंदाचा आहे. नर की मादी ते नाही. स्वर्गीय नर्तकाचे तरुण नरही तांबूस, लांब फितीविना असतात आणि त्यांना पांढरं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

शिपाई बुलबुलाच्या पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो आणि बुडाचा लाल रंगही फिका केशरी असतो. लालबुड्याच्या पिल्लाचंही बूड फिकंच. तेव्हा बुडावरून भांडू नये. शिपायाचा गाल आणि गळा पांढरा असतो. लालबुड्या उडाला की शेपटीच्या वर पांढरा चौकोन आणि शेपटीला पांढरं टोक दिसतं. आपल्या सह्याद्रीतल्या शिपायाला ते टोक नसतं.

सातभाईंत वय डोळ्यांत दिसतं. मोठ्यांचे डोळे पांढुरके, रागीट, पिल्लांचे गडद. गडद डोळ्यांचा सातभाई म्हणजे निराळी जात नव्हे. पंख थरथरवत चोच वासणारा पक्षी पिल्लूच असतो, हेही तपासून घ्यावं. विणीच्या दिवसांत चिमणीची मादी नरासमोर पंख असेच थरथरवते.

गैरसमज : पिल्लू इथे दिसलं, म्हणजे वीण इथेच झाली.

पावसाळा सरता सरता ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे उतरतात. त्यांत गुलाबी-काळ्या मोठ्यांबरोबर वाळूच्या रंगाची, पिवळट चोचीची पिल्लं असतात. ती मध्य आशियाच्या बाजूला जन्मून, काही महिन्यांच्या वयात इथवर उडत आलेली असतात. भांगपाडी मैनेचं पिल्लू त्यांच्यात मिसळलं तर पटकन ओळखू येत नाही, पण त्याच्या छातीवर बदामी-केशरी झाक असते आणि डोक्यावर गडद टोपी, फक्त शेंडी नसते. भांगपाडी इथली, भोरडी बाहेरची. नुसतं ‘मैनेचं पिल्लू’ लिहिलं तर हा फरक नोंदीतून निसटतो.

गैरसमज : फोटो आहे म्हटल्यावर नाव सांगता येतंच.

आजकाल फोटो टाकला की अ‍ॅप नाव सांगतं. बारकाईने पाहिलं तर ते एक नाव सांगत नाही, शक्यता सांगतं, आणि आपण पहिली शक्यता उचलतो. तपकिरी मुनियेच्या फोटोत चोचीचा रंग प्रकाशावर अवलंबून असतो, जाडी कोनावर. आवाज, सोबत आणि बसण्याची पद्धत फोटोत येतच नाही. शिवाय चांगल्या फोटोसाठी पिल्लाच्या पाच-सहा फुटांवर जाऊन बसलं की आईबाप चोचीत किडा धरून लांबच थांबतात. पिल्लू उपाशी राहतं आणि ओळखीचा सगळ्यात मोठा दुवा आपणच तोडलेला असतो. चार पावलं मागे सरकून दहा मिनिटं थांबलं तर भरवणारे समोर येतात.

तरीही नाव नाही जमलं, तर ते न देण्याची सोय आहे. ई-बर्डवर नेमकी जात न लिहिता नुसती मुनिया म्हणून नोंद करता येते. अशी नोंद करायला अनेकांना कमीपणा वाटतो, का ते मला कळत नाही. ‘मुनिया, पिल्लं, जात अनिश्चित, चोच जाड, करडी, पाणकणसात, जवळ दोन प्रौढ तिरंगी’ ही ओळ नंतर पाहणाऱ्याला खूप काही सांगते. नुसत्या अंदाजाने ‘तिरंगी मुनिया, 12’ लिहिलं, तर ते बारा पक्षी त्या तळ्याच्या यादीत कायमचे जाऊन बसतात, आणि ते खरंच तिरंगी होते का हे पडताळायला पुढे कुणाकडेच काही उरत नाही.